आता डाव तुमचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मौद्यात गणित शिकवतो. शाळेत पालकांची सभा असली की एक प्रश्न हमखास येतो, "सर, हे कॉम्प्युटरवरचे, मोबाइलवरचे गेम चांगले की वाईट?" पुस्तक चांगलं की वाईट, असं कोणी विचारत नाही. आपण विचारतो, कोणतं पुस्तक? नाटक पाहून आलो की त्यात काय जमलं, काय फसलं, हे आपण दिवाणखान्यात बसून तासभर बोलतो. खेळाला मात्र ती वागणूक मिळत नाही. म्हणून आज एकच खेळ घेऊन त्याच्या जमेच्या आणि खर्चाच्या बाजू मांडायच्या, असं मी ठरवलं आहे.

खेळाचं नाव 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक', भाग तिसरा. अमेरिकेतल्या न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या कंपनीनं तो १९९९ साली काढला. कंपनीचे संस्थापक जॉन व्हॅन कॅनेगम यांनी १९९० मध्ये 'किंग्ज बाउंटी' नावाचा खेळ केला होता. हा त्याच घराण्यातला. पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि घरोघरच्या जुन्या संगणकांवर तो पुष्कळ खेळला गेला. आमच्या घरी तो सीताबर्डीच्या बाजारातून आलेल्या सीडीवरून आला आणि अजून आहे.

हा खेळ पाळीपाळीनं खेळायचा आहे. तुम्ही तुमची चाल पूर्ण करा, मग दुसरा करील. तोवर घड्याळ थांबलेलं. ही पद्धत आपल्याला नवी नाही. बुद्धिबळ आपल्याच मातीतला खेळ, आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हापासून तर आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतही पट मांडलेला दिसतो. फरक इतकाच, की बुद्धिबळात सगळी फौज पहिल्या चालीआधीच पटावर उभी असते. इथं ती तुम्हाला उभारावी लागते.

तुमच्याकडे एक नगर असतं आणि एक सरदार. सरदारानं नकाशावर फिरायचं, खाणी ताब्यात घ्यायच्या, लढाया करायच्या. लढेल तसा त्याचा अनुभव वाढतो आणि तो नवी विद्या शिकतो. नगरात रोज एकच इमारत बांधता येते. लाकूड, दगड, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं आणि सोनं, अशी सात प्रकारची सामग्री सांभाळायची. सात दिवसांचा आठवडा, चार आठवड्यांचा महिना, आणि नवे सैनिक फक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळणार.

खेळाचं पहिलं बळ इथंच आहे. नगराच्या साध्या कचेरीतून रोज ५०० मोहरा मिळतात. २५०० मोहरा खर्चून ती वाढवली तर रोज १००० मिळतात. आणखी ५००० घातले की २०००, आणि वर १०,००० घातले की ४०००. मी हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडतो. मुलं हिशेब करतात आणि त्यांच्या लक्षात येतं, की प्रत्येक पायरीचा खर्च बरोबर पाच दिवसांत वसूल होतो. मग आधी हेच का बांधू नये? कारण दुसरीकडे तटबंदी आहे. तटबंदी पुरी केली की आठवड्याची भरती दुप्पट होते. ती सातव्या दिवशी पुरी झाली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट फौज दारात उभी. एक दिवस उशीर झाला तर आठवडा वाया. उत्पन्न आधी की संरक्षण आधी? धानाची रोवणी चार दिवस चुकली तर काय होतं, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तेच त्याच्या मुलाला इथं आकड्यांत दिसतं.

दुसरं बळ लढाईत आहे. रणांगण षट्कोनी घरांचं. ज्याचा वेग जास्त, त्याची पाळी आधी. तुम्ही कोणाला मारलंत की तो लगेच उलटा वार करतो, पण साधारणपणे एका फेरीत एकदाच. एवढ्या एका नियमातून केवढं डोकं चालवावं लागतं बघा. आधी लहान तुकडी पुढे घालून तो उलटा वार खर्ची पाडायचा, मग मोठी तुकडी घालायची. थांबून राहायचं, शत्रूला जवळ येऊ द्यायचं, मग झडप घालायची. या खेळात 'नागा' नावाची एक योद्धी आहे. कमरेखाली सर्पिणी, वर सहा हात आणि सहा हातांत सहा तलवारी. तिनं वार केला तर तिच्यावर उलटा वार होतच नाही. आपल्या गोष्टींतला नाग अमेरिकेला जाऊन असा परत आला. नाग नदीकाठच्या आम्हा लोकांना तिच्याविषयी विशेष ममत्व वाटलं तर नवल नाही.

तिसरं बळ मला सर्वांत मोठं वाटतं. एकाच संगणकावर चार जण खेळू शकतात. एकानं आपला दिवस संपवायचा, खुर्ची सोडायची, दुसऱ्यानं बसायचं. दुसऱ्याची पाळी असली की तोंड फिरवायचं, कारण त्याचा नकाशा पाहणं म्हणजे चोरी. ही शिस्त संगणक पाळायला लावत नाही, तुम्हीच पाळायची. २००५ च्या सुमारास भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नसे. धावाधावीचे खेळ त्यात टिकत नसत. हा टिकला, कारण दिवस बदलला की डाव आपोआप साठवला जाई. वीज आली की तिथूनच पुढे. आता मौद्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता २३२० मेगावॉट आहे, पण बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत कूलरसमोर पाळीची वाट बघणारी चार पोट्टी, हे चित्र त्या काळचंच.

आता उणिवा. त्याही लहान नाहीत.

पहिली, समतोल बिघडलेला आहे. खेळात आठ प्रकारची नगरं आहेत, पुढच्या पुरवणीत नववं आलं. त्यांतल्या मृतांच्या नगरीच्या सरदाराला अशी विद्या येते, की प्रत्येक लढाईनंतर मेलेल्यांतले काही सांगाडे उठून त्याच्या फौजेत सामील होतात. दोन महिन्यांत हजारो सांगाडे. बाकीचे मोहरा मोजत बसतात, याची फौज फुकटात वाढते. उलट काही विद्या इतक्या निरुपयोगी आहेत, की सरदाराला त्या शिकायची वेळ आली म्हणजे कपाळाला हात लावावा. सरदाराची पातळी वाढली की दोन विद्यांतून एक निवडायला मिळते. दोन्ही टाकाऊ निघाल्या तर तुमची हुशारी काय कामाची?

दुसरी, संगणक हा प्रतिस्पर्धी म्हणून कच्चा आहे. बुद्धिबळात आज संगणक जगज्जेत्यालाही हरवतो. इथं तो मोठ्या फौजेकडे बघून पळतो आणि रिकामं नगर मागे सोडतो. मग अवघड पातळी करायची कशी? तर माणसाच्या हातात सुरुवातीची सामग्री कमी ठेवायची. ही अवघड परीक्षा नव्हे. विद्यार्थ्याची वही काढून घेऊन घेतलेली सोपी परीक्षा आहे.

तिसरी, डाव कधी संपला हे खेळाला कळत नाही. मोठ्या नकाशावर दुसऱ्या महिन्यात कोण जिंकणार ते ठरून जातं. ज्याच्याकडे जास्त नगरं त्याची भरती जास्त, म्हणून त्याला आणखी नगरं. तरी उरलेले कोपरे साफ करण्यात आणखी तीन-चार तास जातात. बुद्धिबळात हरणारा राजीनामा देऊन हात मिळवतो. इथं आपण विजेते असून कंटाळतो.

चौथी, हरणं पुसता येतं. लढाई बिघडली की आधी साठवलेला डाव उघडायचा आणि पुन्हा लढायचं. पटावर हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते. इथं सगळं आयुष्य खोडरबरावर. शिकायला हे बरं आहे, पण मग हाराची किंमत राहत नाही.

पाचवी उणीव मला वर्षानुवर्षं खुपते. या नगरांत कोणी राहत नाही. शाळा नाही, बाजार आहे तो फक्त सामग्रीच्या अदलाबदलीचा. प्रत्येक इमारत शेवटी फौजेसाठी. शेजारी म्हणजे शत्रू, आज नाहीतर उद्या. आणि पुरवणीत 'शेतकरी' हा एक सैनिक आला, त्याची ताकद किती? आक्रमण एक, बचाव एक, प्राण एक. अख्ख्या खेळातला सर्वांत दुबळा जीव तो. पेंचच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्या तालुक्यात बसून हे पाहताना हसू येतं आणि नंतर येत नाही.

श्रोतेहो, आता मी हे सगळं का सांगतो आहे त्याकडे वळतो. आमच्या नात्यातला एक तरुण मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या एका खेळात अडकला. ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी ठेवलेले पैसे दोन महिन्यांत गेले. विचारलं तर म्हणायचा, "मामा, एक डाव लागला ना, का सगळं परत येते." एकही डाव लागला नाही. त्याच्या आईनं, माझ्या बहिणीनं, मला बजावलं, "भाऊ, घरात आता कोणताच गेम नको. तुझ्याही नको." तिचा संताप खरा होता. तिचं दुःख पाहिल्यावर वाद घालायची माझी छाती झाली नाही. पण तिचा निष्कर्ष मला पटला नाही, आणि तो का पटला नाही, हे मी आज तिच्यासाठीही सांगतो आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यानं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली, पण ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे ठेवले. म्हणजे कायद्यालाही सगळे खेळ एका मापानं मोजणं बरोबर वाटलं नाही. घरातही आपण मोजमाप ठेवावं. मी तीन प्रश्न विचारतो. हा खेळ विचाराला वेळ देतो का? हरल्यावर का हरलो ते कळतं का? आणि हा खेळ थांबू देतो का?

तो मोबाइलचा खेळ तिन्हींत नापास. विचाराला दहा सेकंद, हरण्याचं कारण कधीच कळत नाही, आणि थांबलात तर रात्री अकरा वाजता फोन वाजवून परत बोलावतो. आमचा जुना खेळ पहिल्या प्रश्नात पहिल्या वर्गात उत्तीर्ण. पाळी तुमची असली की तासभर विचार करा, कोणी हटकत नाही. दुसऱ्यातही उत्तीर्ण. तटबंदीला उशीर केला म्हणून हरलो, हे बोट ठेवून दाखवता येतं. त्यानं पैसे मागितले ते एकदाच, विकत घेताना. नंतर हरलात तर कागदावरचं राज्य जातं, ट्रॅक्टर दारातच राहतो.

तिसऱ्या प्रश्नात मात्र तोही नापास आहे, आणि हे पालकांनी लक्षात ठेवावं. तो बोलावत नाही, पण सोडतही नाही. आणखी एक दिवस, उद्या नवी भरती आहे, परवा खाण हाती येईल, असं करता करता पहाट होते. त्याच्यावर आमच्या घरी एक तोड काढली आहे. खेळाचंच कॅलेंडर वापरायचं. नवव्या वर्गातल्या माझ्या मुलीला खेळातले दोन आठवडे, म्हणजे चौदा दिवस खेळायची मुभा आहे. चौदावा दिवस संपला की डाव साठवायचा आणि उठायचं. घड्याळाशी ती भांडते. खेळाच्या कॅलेंडरशी भांडत नाही, कारण तो नियम तिच्या जगातला आहे.

या खेळाची मूळ प्रकाशक कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. हक्क युबिसॉफ्टकडे गेले. २०१५ मध्ये नव्या चित्रांसह आवृत्ती आली, ती पुरवण्यांविनाच. पण रसिकांनी २०११ मध्ये आपल्या हातानं 'हॉर्न ऑफ द ॲबिस' ही नवी पुरवणी तयार केली आणि तिच्यावर काम चालू ठेवलं. लोकांनी सांभाळलेला खेळ आहे हा. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आपल्या पुराणकथांवरचा 'राजी' काढला, तो धावपळीचा. पाळीपाळीचा एक खेळ मराठीतही व्हावा. रामटेकजवळ नगरधनचा किल्ला आहे, वाकाटकांच्या नंदिवर्धनची ती जागा मानतात. तिथलं राज्य उभं करायला मुलांना द्या. फक्त त्यात शेतकऱ्याचा प्राण एकापेक्षा जास्त ठेवा, आणि शेजाऱ्याशी तह करून, कालवा वाटून घेऊनही डाव जिंकता येऊ द्या.

तोपर्यंत माझी विनंती एवढीच. मूल खेळत असेल तर दारातून ओरडू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा आणि विचारा, काय चाललं आहे? पाळीचा खेळ असेल तर त्याला उत्तर द्यायला वेळ असेल. वेळ नसेल, तर तुम्हाला खेळाबद्दल जे कळायला हवं ते तिथंच कळेल.