मथळ्यातला कर्ता कुठं जातो?

(केडगाव, अहिल्यानगर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी पत्रकार नाही. इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. एका सूचनेचा मशीननं एकच अर्थ घ्यावा, दुसरा अर्थ निघायला जागाच राहू नये, हे पाहणं माझं रोजचं काम आहे. त्यामुळे सकाळी पेपर उघडला की सवयीनं नजर मथळ्यावर अडकते. या ओळीचे दोन अर्थ होतात का? होत असतील तर वाचणारा कुठला घेणार?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातीचे लोक जमले होते. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. महिनाअखेरीस मरकज रिकामं करायला सुरुवात झाली आणि पुढचे काही आठवडे टीव्हीवर दुसरा विषयच नव्हता. आपल्या जिल्ह्यात मशिदींमध्ये थांबलेल्या परदेशी नागरिकांवर वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. टुरिस्ट व्हिसाच्या अटी मोडल्या, साथरोग कायदा मोडला, असे आरोप होते. त्यांना आसरा दिला म्हणून काही भारतीयांवर आणि मशिदींच्या विश्वस्तांवरही गुन्हे नोंदवले गेले.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे हे गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी निकालपत्रात लिहिलं की या लोकांविरुद्ध छापील माध्यमांत आणि टीव्हीवर मोठा अपप्रचार झाला, संकटाच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधतं आणि इथं या परदेशी लोकांची त्यासाठी निवड झाल्याची शक्यता दिसते. खंडपीठातले दुसरे न्यायाधीश न्या. एम. जी. सेवलीकर गुन्हे रद्द करण्याशी सहमत होते, पण निकालपत्रातल्या काही निरीक्षणांशी नव्हते. हेही सांगायला हवं. अर्धी गोष्ट दुसऱ्यानं सांगितली की आपल्याला राग येतो, मग आपणही पूर्ण सांगू.

हा निकाल आपल्या जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचा आहे. इथल्या किती जणांना तो माहीत आहे? एप्रिलचे मथळे मात्र सगळ्यांना आठवतात.

ते मथळे उघड खोटे होते असं नाही, आणि अडचण तिथंच आहे. १८ एप्रिलला आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्ण, म्हणजे २९.८ टक्के, मरकजशी संबंधित आहेत. आकडा सरकारी होता. पण ज्या गटातल्या माणसांना शोधून शोधून तपासलं, त्या गटात रुग्ण जास्त सापडणारच. एकूण चाचण्यांपैकी किती चाचण्या या गटाच्या होत्या, ते त्या टक्केवारीत नव्हतं. दहावीच्या गणितात आपण छेद लिहायला विसरलो तर मार्क कापतात.

आता मराठीकडे येतो, कारण आपली भाषा या कामात मथळेवाल्याला फार मदत करते. पुढची उदाहरणं मी स्वतः बनवलेली आहेत, कुठल्या पेपरची नाहीत.

‘तबलिगींचा शोध सुरू’. यातला ‘चा’ बघा. तबलिगी काहीतरी शोधतायत की कुणीतरी त्यांना शोधतंय? तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत, कारण ‘शोध’ हा शब्द फरार आरोपीसोबत वाचायची आपल्याला सवय आहे. आता म्हणा, ‘डॉक्टरांचा शोध’. लगेच डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक येतो. व्याकरण तेच आहे. उरलेला अर्थ वाचणाऱ्यानं आपल्या खिशातून घातला. आम्ही याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतो: जागा रिकामी ठेवली की सिस्टीम आधीपासून ठरलेली किंमत भरते. वाचकाच्या डोक्यातली ती किंमत कुणी ठरवली, हा राजकारणाचा प्रश्न आहे. मथळा लिहिणाऱ्यानं फक्त जागा रिकामी ठेवलेली असते, आणि कुणी विचारलं तर तो म्हणू शकतो, मी असं कुठं लिहिलंय?

दुसरं, ‘करण्यात आले’. ‘घरं पाडण्यात आली’, ‘तरुणाला मारहाण करण्यात आली’. कुणी? शाळेत शिकलेला कर्ता इथं वाक्यातून निघून जातो. तो कधी राहतो आणि कधी जातो, एवढं एक महिनाभर पाहा. एकीकडे ‘जमावाने पोलिसांवर दगडफेक केली’, तर दुसरीकडे ‘गोळीबारात एकाचा मृत्यू’. पहिल्यात करणारा आहे, दुसऱ्यात गोळी आपोआप सुटलेली आहे.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याच्या जवळची आहे, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घेतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. नकारही बहुतेक वेळा शेवटीच. ‘मशिदीतून दगडफेक झाल्याचा दावा खोटा, पोलिसांचे स्पष्टीकरण’ ही जबाबदार, चांगली बातमी आहे. आता ती मोबाईलच्या नोटिफिकेशनमध्ये बघा. जागा कमी, म्हणून फोन ओळ कापतो आणि पुढं तीन टिंबं टाकतो. स्क्रीनवर उरतं: ‘मशिदीतून दगडफेक झाल्याचा…’. ज्यानं नोटिफिकेशन फक्त बघितलं आणि उघडलं नाही, त्याच्यासाठी खंडनच अफवा झालं. इंग्रजीत नकार अनेकदा आधी येऊन जातो, तिथं कापाकापीत तो वाचतो. आपल्याकडे तो सगळ्यात आधी मरतो. यात कुणाचा कट नाही. पण उपाय सोपा आहे, ‘खोटा दावा’ हे दोन शब्द ओळीच्या सुरुवातीला आणायचे. डेस्कवरच्या माणसाला हे सांगितलं तर पटेल असं मला वाटतं, कारण यात त्याचं काही जात नाही.

मग ‘विशिष्ट समाज’ आणि ‘दोन गट’. दंगलीच्या वेळी समाजांची नावं देऊ नयेत, भडका उडू नये, हा मूळ संकेत चांगल्या हेतूचा आहे. मी तो मोडा म्हणणार नाही. पण आता ‘विशिष्ट समाज’ म्हटलं की सगळ्यांना एकच समाज दिसतो. झाकायला आणलेला शब्दच पाटी झाला. शिवाय हा संयम सारखा वापरला जात नाही. चोरीच्या, फसवणुकीच्या बातमीत धर्माचा काही संबंध नसतानाही पूर्ण नाव कधी मथळ्यात येतं आणि कधी फक्त ‘तरुण’ येतं, ते मोजून बघा. मोजा, नुसतं चिडू नका.

जुलै २०२५ कडे येतो. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात सर्व १२ आरोपींना निर्दोष ठरवलं. २०१५ मध्ये खालच्या कोर्टानं त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. फाशी झालेल्यांपैकी एक जण निकाल येण्याआधीच, २०२१ मध्ये तुरुंगात असताना वारला. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयानं २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं.

दहा दिवसांत दोन निकाल. दोन्हींचा गाभा एकच होता, की सरकारी पक्ष आरोप सिद्ध करू शकला नाही. आता मराठीत यासाठी किती शब्द आहेत बघा: निर्दोष मुक्तता, दोषमुक्त, सुटका, पुराव्याअभावी सुटका, संशयाचा फायदा. कायद्यानं निर्दोष तो निर्दोष. पण ‘निर्दोष’ म्हटलं की माणूस घरी येतो, आणि ‘पुराव्याअभावी सुटले’ म्हटलं की तो घरी येतो आणि संशयही त्याच्यासोबत येतो. त्या दहा दिवसांत कुणी कुठला शब्द कुठल्या निकालाला लावला, ते जुने अंक काढून पाहण्यासारखं आहे. आणि आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपांवरही पाहा. २१ तारखेला ‘निर्दोष’ म्हणणारे तिथलेच काही जण ३१ तारखेला ‘पुराव्याअभावी’ म्हणत होते. तराजू दोघांचाही वाकडा आहे. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसं गेली, मालेगावात २००८ ला सहा गेली. मग स्फोट केले कुणी, हा प्रश्न दोन्ही घरांचा आहे, आणि तपास करणाऱ्यांना तो दोन्ही वेळा सारखाच विचारायला हवा.

२००६ चं मालेगाव तर त्याहून विसरलं गेलंय. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात, बडा कब्रस्तान. मेलेले बहुतेक मुस्लिम आणि पकडलेले नऊही मुस्लिम. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टानं त्यांच्यातल्या हयात आठ जणांना आरोपमुक्त केलं. नववा आधीच गेला होता. अटकेच्या वेळी त्यांच्या नावापुढं लागलेली विशेषणं आणि दहा वर्षांनी आलेली सुटकेची बातमी शेजारी ठेवून बघा.

मग करायचं काय? ‘मीडिया विकला गेलाय’ म्हणून पेपर बंद करणं मला मान्य नाही. १८४२ मध्ये याच नगरात ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. छापील शब्दाशी या गावाचं नातं जुनं आहे. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत दोन कामाच्या गोष्टी आहेत. मथळा खालच्या मजकुराला धरून हवा. आणि मथळ्यात आरोप असेल तर तो कुणाचा ते सांगावं, निदान अवतरणचिन्हं तरी द्यावीत. कौन्सिल शिक्षा करू शकत नाही, ताकीद देते, नापसंती नोंदवते. टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही. पण छापील दैनिकासाठी रस्ता आहे: आधी संपादकाला लेखी पत्र, समाधान झालं नाही तर कौन्सिलकडे तक्रार, आणि दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत.

पत्र एका पानाचं लिहा. तारीख, आवृत्ती, पान क्रमांक, मथळा जसाच्या तसा. त्याखाली त्याच बातमीतलं असं वाक्य, जे मथळ्याला खोडून काढतं. बऱ्याचदा ते चौथ्या-पाचव्या परिच्छेदात सापडतं. मग तुमच्या मते मथळा कसा हवा होता, तो लिहून द्या. तेवढ्याच शब्दांत, कारण डेस्कवरचा माणूस जागा मोजतो. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे वाक्य टाळा, ते आलं की पत्र टोपलीत जातं. कात्रण आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, ऑनलाईन मथळा दुपारपर्यंत बदललेला असतो.

प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.