टोचलेल्या बेंबीचं वय

पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींनी सासूबाईंना घरीच ठेवलेलं दिसतंय. (हशा)

माझ्या भाचीनं कॉलेजात असताना बेंबी टोचून घेतली. तिची आई बेंबीच्या देठापासून ओरडली, तेव्हा हिचं उत्तर तयार होतं : "हे फारोंच्या काळापासून आहे. इजिप्तच्या राजघराण्यालाच तेवढी परवानगी होती."

ही कथा जन्मली कॅलिफोर्नियात. रिचर्ड सायमनटन नावाचा तिथला धनिक 'डग मॅलॉय' या टोपणनावानं वावरायचा. जिम वॉर्ड यांनी १९७५ मध्ये अंग टोचण्याचा 'गाँटलेट' हा व्यवसाय थाटला, तो याच्याच पाठबळावर. मॅलॉयनं एक पत्रक लिहिलं, त्यात फारोंची बेंबी आली. पुरावा काही नाही. पण गिऱ्हाइकाला घरी सांगायला वंशावळ मिळाली! खरी लाट आली १९९३ मध्ये. एरोस्मिथ या रॉक बँडच्या 'क्रायिन' गाण्याच्या व्हिडिओत नटी अ‍ॅलिशिया सिल्व्हरस्टोनची बेंबी टोचलेली दिसली आणि त्याच वर्षी मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन लंडनच्या फॅशन शोमध्ये बेंबीत कडी घालून चालली.

हसण्याआधी आपण आपलं नाक चाचपून पाहावं. नथ पुराणकाळापासूनची, असं आपण बिनधास्त सांगतो. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी १९३८च्या सुमारास नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहून आपले कान टोचले : जुन्या संस्कृत ग्रंथांत नाकातला दागिना सापडत नाही, जुन्या मूर्तींच्या नाकातही नाही. कान टोचणं मात्र खरंच जुनं. सुश्रुतानं त्याला अख्खा अध्याय दिलाय. पाळ उन्हाकडे धरून प्रकाश आरपार दिसेल तिथे टोचावं, मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा, मग भोकात वात आणि वर तेल. बेंबीचं कौतुक आपल्या कवींनी भरपूर केलं. कालिदासाची यक्षपत्नीसुद्धा खोल बेंबीची आहे. पण दागिना चढवला तो कमरेवर, मेखलेचा.

आणि बेंबी टोचतात म्हणजे बेंबी टोचतच नाहीत. तिच्या वरच्या काठाची कातडी चिमटीत धरून सुई घालतात, मग मणी लावलेली वाकडी दांडी. कानाची पाळ दीड-दोन महिन्यांत बरी होते. इथे सहा महिने ते वर्ष लागतं, कारण बसलं की पोटाला घडी पडते आणि जीन्सची कड घासत राहते. एवढं सोसायचं कशासाठी? माझ्या मते, हा दागिना कुणाची सून, कुणाची बायको हे सांगत नाही. दाखवायचा की झाकायचा, तेही जिचं तिनं ठरवायचं.

भाचीचं लग्न झालं. नाकात नथ होती ती चापाची, नाक तिनं टोचलेलंच नव्हतं. शालूच्या निऱ्यांआड मात्र कडी खरी होती.