शाळेभोवतीचे हजार फूट

शाळेच्या आवारात बंदूक असू नये, याविषयी दोन मते होण्याचे कारण नाही. परंतु सर्वांना मान्य असलेल्या गोष्टीचा कायदा करणेही किती अवघड असते, हे पाहावयाचे झाल्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे पाहावे. तेथे शस्त्र बाळगण्याचा व वागविण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत नमूद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून बंदूक जवळ ठेवता येत नाही. म्हणजे भारतात मनाई हा नियम आणि परवाना हा अपवाद. अमेरिकेत हक्क हा नियम आणि मनाई हा अपवाद.

असा एक अपवाद तेथील काँग्रेसने १९९० साली केला. शाळा सरकारी असो, खाजगी असो वा धर्मसंस्थेची असो, तिच्या हद्दीपासून १००० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३०५ मीटरांच्या आत जाणूनबुजून बंदूक बाळगणे हा केंद्रीय कायद्याचा गुन्हा ठरला. त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवण्यात आली.

या कायद्याची कसोटी लवकरच लागली. १० मार्च १९९२ रोजी टेक्सस राज्यातील सॅन अँटोनियो येथे बारावीचा एक विद्यार्थी रिव्हॉल्व्हर व पाच गोळ्या घेऊन शाळेत आला. प्रथम त्याच्यावर राज्याच्या कायद्याखाली आरोप ठेवण्यात आला. दुसऱ्याच दिवशी तो काढून घेऊन केंद्रीय कायद्याखाली खटला भरण्यात आला. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिले झाली, आणि २६ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरविला.

शाळेत बंदूक नेण्यास हरकत नाही, असे न्यायालयाने मुळीच म्हटले नव्हते. प्रश्न अधिकाराचा होता. तेथील काँग्रेसला घटनेने मोजकेच अधिकार दिले आहेत. त्यांपैकी राज्याराज्यांतील व्यापाराच्या नियमनाचा अधिकार सरकारने येथे पुढे केला. बंदुकीच्या भयाने शिक्षण बिघडते, शिक्षण बिघडले की उत्पादन घटते, आणि उत्पादन घटले की व्यापारास धक्का बसतो, अशी ही युक्तिवादाची साखळी होती. ती मान्य केल्यास केंद्राच्या कक्षेबाहेर काहीच उरणार नाही, असे मुख्य न्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी ठरविले. शिक्षण व अर्थव्यवहार यांचे नाते इतके निकटचे आहे की काँग्रेसला हा अधिकार पोहोचतो, असे न्यायमूर्ती ब्रायर यांचे भिन्नमत होते.

भारतात हा वाद उद्भवत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत शस्त्रे व दारूगोळा यांचा स्पष्ट निर्देश आहे.

काँग्रेसने १९९६ साली कायदा दुरुस्त केला. संबंधित बंदूक राज्याराज्यांतील व्यापारातून आलेली असावी किंवा त्या व्यापारावर तिचा परिणाम होत असावा, एवढी अट त्यात घातली. एका राज्यात तयार झालेली बंदूक दुसऱ्या राज्यात विकली जाणे ही नित्याची बाब असल्याने ही अट सहज पुरी होते, आणि हजार फुटांचे वर्तुळ पुन्हा उभे राहिले.

या वर्तुळातून वाटाही ठेवाव्या लागल्या. दाट वस्तीच्या शहरात शाळेपासून हजार फुटांत शेकडो घरे व हमरस्तेही येतात. म्हणून खाजगी जागेतील बंदूक वगळली आहे. राज्याने चौकशीअंती परवाना दिलेल्या इसमास सूट आहे. वाहनातून नेताना बंदुकीत गोळी नसेल आणि ती कुलूपबंद पेटीत असेल, तर तो गुन्हा होत नाही.

खरेदीचा कायदा निराळा आहे. १९६८ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदार २१ वर्षांखालील इसमास पिस्तूल व १८ वर्षांखालील इसमास कोणतीही बंदूक विकू शकत नाही. १९९३ च्या कायद्याने गिऱ्हाइकाच्या पूर्ववृत्ताची तपासणी आली. तथापि धंदा म्हणून विक्री न करणाऱ्या खाजगी विक्रेत्यास केंद्रीय कायद्याने हे बंधन घातले नाही. १९९९ साली कोलोरॅडोतील कोलंबाइन येथील शाळेत हत्याकांड झाले. तेथे वापरलेल्या चार बंदुकांपैकी तीन, हल्लेखोरांच्या १८ वर्षांच्या परिचित व्यक्तीने शस्त्रांच्या प्रदर्शनात खाजगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. पुढे २००० साली त्या राज्याच्या मतदारांनी ही वाट बंद केली. मे २०२२ मध्ये टेक्ससमधील युव्हाल्डी येथे १९ मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने अठरावे वर्ष पूर्ण होताच बंदुका रीतसर विकत घेतल्या होत्या. त्यानंतर महिन्याभरात २१ वर्षांखालील गिऱ्हाइकाची अधिक कसून तपासणी करण्याचा कायदा झाला.

पण दुकानाच्या पलीकडेही एक जागा आहे. शाळांवरील २००८ ते २०१७ या काळातील हल्ल्यांचा अभ्यास अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ साली प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनी ती आईवडिलांच्या वा निकटच्या नातलगांच्या घरातून मिळविली होती. त्यांतील कित्येक बंदुका रीतसर खरेदी झालेल्या असू शकतील. पण मुलाच्या हाती जाण्यापूर्वी त्यांना कुलूप पुरेसे नव्हते, किंवा मुळीच नव्हते.

वाहनातील बंदुकीला कायदा कुलूप लावावयास सांगतो. घरातील कपाटाला लागणारे कुलूप मात्र मुख्यतः राज्यांच्या कायद्यांवर आणि आईबापांच्या विवेकावर सोपविलेले आहे. हजार फुटांचे वर्तुळ शाळेच्या वाटेचा शेवटचा टप्पा राखते. ती वाट मात्र घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते, आणि तेथील पहारा घरच्या वडीलधाऱ्यांनीच करावयाचा असतो.