उमेद एकट्याची नसते



सकारात्मक दृष्टी म्हणजे सदैव हसतमुख राहणे, अशी एक सोपी समजूत रूढ आहे. परंतु मनुष्याची खरी कसोटी लागते ती तो स्वतःच्याच नजरेतून उतरतो त्या दिवशी. त्या दिवशी उमेद कोठून येते, याचे उत्तर रायपूरशी जन्मभर जोडलेल्या एका मराठी माणसाच्या चरित्रात सापडते.

पंडित माधवराव सप्रे यांचा जन्म 1871 साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर जोडीला होते आणि प्रकाशनाची जबाबदारी वामनराव लाखे यांनी घेतली होती. तीन मराठी मित्रांनी हिंदी वाचकांसाठी मांडलेला हा व्याप पैशाच्या ओढाताणीमुळे तीन वर्षांत आटोपला. मासिक बंद पडले, कार्यकर्ते थांबले नाहीत. माधवरावांनी 1907 साली नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. लाखे पुढे छत्तीसगढातील सहकारी चळवळीचे अध्वर्यू झाले आणि 1913 साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली.

खरा आघात 1908 साली झाला. राजद्रोहाच्या आरोपाखाली त्या वर्षी लोकमान्य टिळकांना अटक झाली, तशी माधवरावांनाही झाली. लोकमान्य सहा वर्षांची शिक्षा भोगण्यास मंडालेस गेले. माधवराव मात्र वडील बंधूंच्या आग्रहापुढे नमले आणि क्षमापत्र देऊन सुटले. बंधूंचा हेतू प्रेमाचाच होता. पण त्या सुटकेचे शल्य माधवरावांच्या मनात खोल रुतले. माणसाला संकटातून ओढून काढणे हे प्रेमाचे काम खरे. परंतु त्यानंतर त्याला ताठ मानेने उभे राहता यावे, यासाठी आधार लागतो. ही दोन कामे एकच नव्हेत.

माधवराव सार्वजनिक जीवनापासून दूर झाले. काही काळ मधुकरी मागून राहिले. समर्थांच्या ‘दासबोधा’त त्यांनी मन गुंतवले आणि त्याचा हिंदी अनुवाद सिद्ध केला. झालेली चूक त्यांनी नाकारली नाही, तिच्याशी झुंजत बसण्यात आयुष्यही दवडले नाही. ते कामाला लागले. पुढे 1915 साली लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद झाला तो माधवरावांच्याच हातून, आणि तोही लोकमान्यांच्या हयातीत. ज्याने शिक्षा भोगली त्याचा ग्रंथ, ज्याने क्षमा मागितली त्याच्या लेखणीने हिंदी वाचकांपर्यंत नेला. एकाचे धैर्य दुसऱ्याला खाली पाहावयास लावणारे ठरले नाही, ते त्याच्या हाती काम देणारे ठरले.

मिळालेला आधार माधवरावांनी पुढे पोहोचवला. 1920 साली जबलपुरात निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, संपादकपदी मात्र तरुण माखनलाल चतुर्वेदी होते. 1924 साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना लाभले. 1926 साली रायपुरातच त्यांनी देह ठेवला.

घरात मुलगा परीक्षेत नापास होतो, कचेरीत सहकाऱ्याच्या हातून चूक घडते, मित्राचा धंदा बुडतो. अशा वेळी ‘सारे ठीक होईल’ एवढे म्हणणे सोपे असते. त्याहून मोलाचे आहे ते त्या माणसाची ओळख त्याच्या चुकीवरून न ठरवणे आणि विश्वासाने त्याच्या हाती पुन्हा काम देणे. साठ वर्षांत या शाळेच्या बाकांवर जोडलेल्या मैत्रीचा उपयोग सुखाच्या सोहळ्यापुरता राहू नये. वर्गातला जो सोबती आज समारंभाला आला नाही, त्याच्या दारी कोणीतरी जावे. हीरक महोत्सवाची खरी सांगता त्या दारात होईल.