यादीत नसलेली वाडी



चिकित्सक विचाराचा पहिला धडा बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: वस्तुस्थिती आणि मत वेगळे काढा. पाताळगंगा खालापूर तालुक्यातून वाहते, ही वस्तुस्थिती. ती देखणी आहे, हे मत. मुलांना हे पाच मिनिटांत जमते. पण मत निदान मत म्हणून ओळखू येते, त्याच्याशी भांडता येते. पंचाईत होते ती निर्विवाद वस्तुस्थिती समोर येते तेव्हा. ती खरी असते, म्हणून आपण मान डोलावतो आणि तिच्या आडून एखादा न उच्चारलेला निष्कर्षही आपल्या गळी उतरतो. आज मला अशा एकाच वाक्याची उकल करायची आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, इथून, रसायनीहून, जवळच, चौक गावाच्या वर इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर समाजाची सुमारे पन्नास घरांची वाडी, सव्वादोनशेच्या आसपास माणसे. वर गाडीरस्ता नाही. बचावपथके चिखलातून पायी चढली आणि ढिगारा बराचसा हातांनीच उपसला गेला. चार दिवसांनी शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. घटनेच्या दुसऱ्या दिवशी विधानसभेत सरकारने सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी उघडून कोणालाही पडताळता येईल असे हे विधान, म्हणजे पाठ्यपुस्तकी अर्थाने नमुनेदार वस्तुस्थिती. पण ते ऐकताच 'म्हणजे धोका ओळखता येण्यासारखा नव्हता' हे दुसरे वाक्य ज्याच्या त्याच्या मनात आपोआप जोडले गेले. ते कोणी उच्चारले नाही, म्हणून कोणी तपासलेही नाही.

आपल्या न्यायशास्त्राने अनुमानाचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तिथले घोटून घोटून गुळगुळीत झालेले उदाहरणही डोंगराचेच आहे. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे. कारण जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. भार पडतो तो या तिसऱ्या अवयवावर. 'यादीत नाही, म्हणून सुरक्षित' या अनुमानात नेमका तोच गाळलेला आहे. भरून पाहा: 'जे जे यादीत नाही ते ते सुरक्षित, जसे...' आणि या 'जसे'पुढे काय लिहाल? उलट दरडी कोसळलेली जुई आणि दासगाव (२००५), माळीण (२०१४), तळिये (२०२१) शेजारी शेजारी ठेवली तर दिसतात तीव्र उताराखालच्या वस्त्या, झिजलेल्या कातळावरची माती आणि जुलैतला सलग पाऊस. अशी प्रत्येक वाडी कोसळते असे नाही. पण चौकशीला एवढे कारण पुरते.

मीमांसकांची अट याहून नेमकी आहे. घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येते; पण घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच. अंधाऱ्या खोलीत न दिसलेला घट काहीच सिद्ध करत नाही. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण रसायनीत तो फोड करून सांगायला नको. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स आणि हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचे कारखाने ज्या गावाने पाहिले, तिथल्या केमिस्टला ठाऊक असते की पाण्याच्या अहवालातले 'आढळले नाही' म्हणजे शून्य नव्हे. चाचणीची शोधमर्यादा शेजारी लिहिलेली नसेल तर तो अहवाल अर्धाच. यादीलाही शोधमर्यादा असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. तिथे एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. पन्नास घरांची वाडी त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी.

यावर कोणी म्हणेल, हे वरातीमागून घोडे झाले. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीवर भूवैज्ञानिक कोण पाठवणार? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी यादी करणाऱ्यांवर ठपका ठेवत नाही. 'यादीत नव्हती' इथून थेट 'हलगर्जीपणा झाला' इथे उडी मारणारेही तोच अवयव गाळतात. पाहणी शक्य होती आणि तरी टाळली गेली, हे त्यांनी आधी दाखवायला हवे. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: अशाने मुले सगळ्याच वस्तुस्थितींकडे संशयाने पाहतील, आणि अफवांच्या दिवसांत ते परवडणारे नाही. पण इथे वस्तुस्थितीवर कोणी संशय घेतलेलाच नाही. ती पूर्ण मान्य करून, तिच्या खांद्यावर किती ओझे ठेवता येईल एवढेच विचारले आहे. अफवेच्या बाबतीत हा प्रश्न येण्याआधीच मामला आटोपतो, कारण तिथे मान्य करण्याजोगे काही हाती लागत नाही.

माझी मागणी लहान आहे. दरडप्रवण गावांच्या यादीखाली, पाहणीच न झालेल्या वाड्यांचीही यादी छापावी. जिथे पाहणी झाली तिथे ती कोणी केली आणि कोणत्या महिन्यात, हे नमूद करावे. मे महिन्यात पाहिलेला कोरडा उतार आणि जुलैतला भिजलेला उतार यांची नोंद एकाच रकान्यात बसत नाही.