आठवणींतून उभें राहिलेलें चरित्र

फलटण म्हटलें कीं सातारा-सांगलीकडील माणसास नाईक-निंबाळकरांचा राजवाडा आणि श्रीरामाचा रथोत्सव आठवतो. परंतु याच गांवीं दूरदूरच्या प्रांतांतून कांहीं यात्रेकरू निराळ्याच ओढीनें येतात. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकीं एक, श्रीचक्रपाणि, यांचें हें जन्मस्थान होय. फलटणचा हा पुरुष घरदार सोडून द्वारावतीस गेला आणि हातांत खराटा व सूप घेऊन तेथील रस्ते झाडूं लागला, असें पंथाचें चरित्र सांगतें. त्यांनीं देह ठेवला तो भडोचच्या मृत राजपुत्राच्या देहांत प्रवेश करण्यासाठीं, आणि तेच पुढें श्रीचक्रधर झाले, अशी पंथाची श्रद्धा आहे.

चक्रधरांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. तेराव्या शतकांत ते गोदातीरीं व अन्यत्र हिंडले, बोलले, आणि ऐकणारांत विद्वान ब्राह्मणांबरोबर स्त्रिया होत्या, खालच्या मानलेल्या जातींचे लोकही होते. ते निघून गेल्यावर मागें उरल्या त्या केवळ आठवणी. आठवणी माणसांबरोबर मरतात, ही जाणीव ज्यास प्रथम झाली तो म्हाइंभट. सराळ्याचा हा पंडित पूर्वी वादांत दिग्विजय करावयास निघालेला. तोच पुढें शिष्य झाला आणि ज्यास ज्यास स्वामींचा सहवास घडला होता त्याच्या त्याच्या दारीं जाऊं लागला. जमविलेली प्रत्येक लीळा त्यानें आचार्य नागदेव यांच्याकडून पारखून घेतली. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेलें हेंच तें लीळाचरित्र, मराठींतील आद्य गद्य चरित्रग्रंथ. एकच प्रसंग दोघांनीं दोन प्रकारें सांगितला असेल, तर दुसऱ्याची आठवण 'वासना' म्हणून निराळी नोंदविलेली त्यांत आढळते. सांगणाराच्या मुखावर आपली मोहर न उमटविण्याचा हा विवेक आहे.

या विवेकाचें मोल कळावें म्हणून दूरच्या एका उदाहरणाकडे पाहावें. अमेरिकेंतील सू लोकांपैकीं ओग्लाला लकोटा जमातीचा ब्लॅक एल्क हा साधुपुरुष. बालपणीं त्याला एक महान् दर्शन झालें होतें. आणि १८९० सालीं वूंडेड नी येथें आपल्या लोकांची झालेली कत्तलही त्यानें पाहिली होती. १९३१ सालीं कवि जॉन नाइहार्ट यास त्यानें आपली जीवनकथा सांगितली. मुलगा दुभाष्या झाला, कवीच्या कन्येनें टिपणें घेतलीं आणि १९३२ सालीं पुस्तक निघालें. त्यानें एका मरूं घातलेल्या धर्मजीवनाची स्मृति राखली, यांत शंका नाहीं. पण १९८४ सालीं मूळ टिपणें प्रसिद्ध झालीं तेव्हां दिसून आलें कीं पुस्तकाच्या अखेरीचा प्रसिद्ध विलाप कवीचा आहे. आणि हा वृद्ध पुढें अनेक वर्षें कॅथलिक धर्मोपदेशकाचें काम करीत होता, ही गोष्ट पुस्तकांतून जवळजवळ वगळलेली होती. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, भाषा तिसऱ्याचीच. मग हरवलेलें काय आणि राहिलेलें काय, हें ठरवणें अवघड होतें.

म्हाइंभटास ही अडचण नव्हती. सांगणारे व लिहिणारा एकाच भाषेंत बोलत होते. संस्कृतांत लिहिण्याचा आग्रह झाला तेव्हां नागदेवाचार्यांनीं तो मोडून काढला. तसें केलें तर पंथांतील साध्या म्हाताऱ्या बायांस त्या ग्रंथाचा लाभ होणार नाहीं, हा त्यांचा आशय होता.

पण हरवणें याही ग्रंथाच्या कपाळीं होतें. देवगिरीवर खलजींच्या स्वाऱ्या आल्या आणि त्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. ज्यांनीं ती ऐकली व पाठ केली होती त्यांनीं आपापल्या आठवणींतून ती पुन्हां उभी केली. म्हणून आज एक नव्हे, अनेक पाठ आहेत. एकदां आठवणींतून लिहिलेलें चरित्र दुसऱ्यांदा आठवणींतूनच वांचलें! त्यानंतर मात्र पंथानें धास्ती घेतली. पोथ्या सांकेतिक अक्षरांत लिहिल्या जाऊं लागल्या. सकळ लिपि ही त्यांतली प्रमुख. कुलुपानें ग्रंथ जपला, पण बाहेरच्या मराठी माणसापासून तो शेंकडों वर्षें दुरावला. पंथीयांच्या वांट्यास उपहास व बहिष्कार आले, आणि ज्यांनीं निंदा केली त्यांना आपण कोणाच्या शब्दांस हंसत आहों याचा पत्ताही नव्हता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं या लिपीची उकल केली, आणि मराठीचें एक लपलेलें दालन उघडलें. पुढें १९७८ सालीं वि. भि. कोलते यांनीं संपादिलेली प्रत सरकारी मंडळाकडून निघाली तेव्हां पंथांतूनच आक्षेप उठले. ज्यांनीं संकटांत पोथी छातीशीं धरली, त्यांना ती संशोधकाच्या टेबलावर पाहून वाईट वाटावें हें समजण्यासारखें आहे; आणि जी भाषा त्या पोथींत प्रथम मोकळेपणीं बोलली, तिच्या लेंकरांनीं ती वाचूं मागावी हेंही तितकेंच न्याय्य आहे.

ब्लॅक एल्कच्या कथेपुढें आणि म्हाइंभटाच्या पोथीपुढें एकच प्रश्न उभा राहतो: आठवण कोणाची? सांगणाराची, जपणाराची, कीं वाचणाराची? फलटणच्या त्या झाडूवाल्या महात्म्याची कथा आज घरोघरीं वाचतां येते, ती तिघांनींही आपापलें काम केलें म्हणून. प्रत्येक घरांत कोणी तरी वृद्ध अशी कांहीं आठवण बाळगून बसलेलें असतें. विचारणारा वेळेवर आला पाहिजे. आणि आला तर त्यानें आपला शब्द वेगळा व त्यांचा शब्द वेगळा ठेवावा, एवढें तरी म्हाइंभटाकडून शिकण्यासारखें आहे.