वीज केंद्राचे पाणी आणि मासळीचा डोह



वसंत व्याख्यानमालेत मासळीवर बोलण्यास कामगार चळवळीतला माणूस उभा राहिलेला पाहून आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. वसंतात मोहराविषयी बोलावे, कवितेविषयी बोलावे. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वसंत म्हणजे तलावाचे पाणी दिवसागणिक खाली उतरण्याचा काळ. चैत्रात काठ उघडा पडतो आणि वैशाखात तळ दिसू लागतो. तेव्हा या विषयाला याहून योग्य ऋतू नाही, असे आम्हांस वाटते. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. म्हणून आज जे सांगणार आहोत ते साध्या हिशेबाचे आहे आणि हिशेब कोणालाही तपासता येतो.

शेगाव सोडून गाडी अकोल्याकडे निघाली की नागझरीनंतर पारस स्टेशन लागते. तेथे महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. २००८ व २०१० साली चालू झालेले प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच तेथे आहेत. केंद्र अकोला जिल्ह्यात, पण त्याची तहान भागविणारी मन नदी आपल्या जिल्ह्यातून वाहत जाते. खामगाव तालुक्यात शिर्ला नेमाने येथे तिच्यावर धरण आहे. त्याची उपयुक्त साठवण सुमारे ३६.८३ दशलक्ष घनमीटर. खाली बाळापूरजवळ बंधारा आहे आणि त्यापुढे पारस. म्हणजे धरण, बंधारा आणि बॉयलर हे तिघे एकाच दोरीत ओवलेले आहेत.

वीज केंद्राला इतके पाणी कशाला लागते, असे लोक विचारतात. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे, आणि काम झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावयाचे, असा हा व्यवहार आहे. यात शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर जेमतेम पस्तीस-अडतीस रुपयांची वीज हाती येते. उरलेल्यातला मोठा वाटा वाफ थंड करणाऱ्या पाण्याच्या अंगात ऊन होऊन जातो.

हे ऊन पाणी सोडावयाचे कोठे? जुनी सोपी रीत अशी की तलावातून पाणी घ्यावे, वाफ थंड करावी, आणि तापलेले पाणी पुन्हा तलावात सोडावे. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर रिहंद धरणाचा गोविंद वल्लभ पंत सागर आहे. त्याच्या काठावर १९८२ पासून सिंगरौली आणि मागाहून इतर केंद्रे उभी राहिली. तेथील पाण्याला अशा उष्णतेचा आणि राखेचा दीर्घ अनुभव आहे. अमेरिकेत तर केंद्रासाठी मुद्दाम तलाव खोदतात. अशा तलावात हिवाळ्यात गंमत होते: इतरत्र पाणी गारठलेले असता ऊन पाण्याच्या तोंडाशी मासे गोळा होतात आणि गळ टाकणाऱ्यांची चंगळ होते. उन्हाळ्यात मात्र तेच तोंड माशांच्या जिवावर उठते. २०१२ च्या जुलैत इलिनॉय राज्यातील ब्रेडवूड केंद्राच्या तलावाचे पाणी १०२ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ३९ अंश सेल्सिअसवर गेले होते. केंद्र चालू ठेवण्यास खास परवानगी घ्यावी लागली.

माशाला ऊन पाण्याचा त्रास दोन बाजूंनी होतो. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात हा वायू सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो. ३५ अंशांवर तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो. उलट पाणी तापले की माशाच्या देहाचे व्यापार वेगाने चालू लागतात आणि त्याला वायू अधिक लागतो. मिळकत घटली आणि खर्च वाढला, अशी कामकरी माणसाच्या घरात होते तीच गत पाण्यात होते.

ही गोष्ट आपल्या सरकारनेही ओळखली. १ जून १९९९ नंतर नदी, तलाव वा धरणाचे गोडे पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांनी शीतकरण मनोरे बांधलेच पाहिजेत, असा नियम झाला. डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांनाही तसे सांगण्यात आले, आणि मनोरे असलेल्या केंद्रांनी एका मेगावॅट-तासास ३.५ घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, अशी मर्यादा घातली गेली. मनोऱ्यात पाणी फिरून फिरून वापरले जाते. त्याची उष्णता वाफेबरोबर आकाशात जाते, तलावात येत नाही. तेव्हा माशांचे संकट टळले, असे कोणी म्हणेल. आम्हीही काही काळ तसेच समजत होतो.

आमचा तो समज एका वैशाखात गेला. एका तलावावर, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, आम्ही पहाटे पोहोचलो होतो. वीज कामगारांच्या एका तंट्यासाठी त्या गावी मुक्काम होता. पाणी तळाशी एका थाळीएवढे उरले होते. त्यात कटला आणि रोहू तोंडे वर काढून वायूसाठी धडपडत होते. काठावर मेलेल्या मासळीची पांढरी रेघ पडली होती. भोयांचे चार-सहा गडी टोपल्या भरत होते, पण ती मासळी बाजारात नेण्याजोगी नव्हती. त्यांतला एक म्हातारा आम्हांस म्हणाला, "भाऊ, तुमची मशीन थंडी व्हाले पानी पायजे, हे मान्य हाये. पन आमची मासोळी थंडी राहाले पानी कोन देईन?"

त्या तलावात कोणी ऊन पाणी सोडले नव्हते. बॉयलरने जे केले नाही ते उन्हाने केले होते. पाणी खोल असले की वर तापते आणि खाली गार राहते; माशाला उतरायला जागा असते. तेच पाणी हात-दोन हात उरले की मे महिन्याच्या उन्हात तळापर्यंत तापते. रात्री शेवाळही प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासा गुदमरतो. म्हणून आमचे म्हणणे असे की मनोऱ्यांमुळे प्रश्न मिटला नाही, तो बदलला. पूर्वी विचारावे लागे, पाणी किती तापले? आता विचारावे लागते, पाणी किती उरले?

आता पारसचा हिशेब करू. ५०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण भाराने रात्रंदिवस चालले आणि ३.५ घनमीटरची मर्यादा गाठली, तर दिवसास ४२,००० घनमीटर, म्हणजे ४ कोटी २० लाख लिटर पाणी लागेल. वर्षाचे झाले सुमारे १५.३ दशलक्ष घनमीटर. मन धरणाच्या साठवणीशी ताडून पाहिले तर पाच भागांतले दोन भाग. प्रत्यक्षात संच बारमाही पूर्ण भाराने चालत नाहीत, हे खरे. पण धरणावर पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, शेतीचा दुसरा. आणि विदर्भाचा सूर्य आपला वाटा न मागता घेऊन जातो. पाऊस कमी झाला की या सगळ्यांच्या वाटण्या होऊन माशाच्या वाट्याला काय उरत असेल, हे आपणच ताडावे.

मासळी ही या हिशेबात कोठेच नसते, याला एक कारण आहे. तळ्यातली मासळी देवाची देणगी आहे, असा शहरी समज आहे. वस्तुतः कटला, रोहू, मृगळ हे साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी मस्तकग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींच्या माशांचे बीज मिळविले. तेव्हापासून हे बीज केंद्रांतून तयार होऊ लागले. आज धरणावरची सहकारी संस्था ठेका भरते, बोटुकली विकत आणून सोडते, आणि पुढचे वर्षभर राखण करते. ती सभासदांची पेरणी असते. शेतकऱ्याचे पीक बुडाले तर निदान पंचनाम्याची भाषा होते. भोयाचे पीक पाण्याखाली असल्याने ते उगवले केव्हा आणि बुडाले केव्हा, कोणास दिसत नाही.

पाणी आटू लागले की संस्थेस वाढ पुरी होण्याआधीच जाळे टाकावे लागते. सगळ्याच तलावांवर एकाच महिन्यात मासळी निघते आणि भाव पडतो. शिवाय उथळ, तापलेल्या पाण्यात टिकून राहते ती तिलापी. १९५२ साली आपल्या देशात आणलेली ही जात कोठेही तग धरते, साठलेल्या पाण्यातही वरचेवर पिलावळ वाढवते, आणि गर्दी झाली की बोटभरच राहते. जाळे जड लागते, पण पैसे हलके येतात.

येथे आमच्या कामगार बांधवांना एक शब्द सांगावयाचा आहे. तलावासाठी कोणी बोलले की केंद्राच्या फाटकावर कुजबुज होते की हे आपल्या पोटावर पाय देणार. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून परळीचे केंद्र बंद करावे लागले, हे आठवा. संच थांबला की कंत्राटी कामगाराची हजेरी पडत नाही. तलाव आटतो त्या दिवशी भोयाचे जाळे आणि कंत्राटी कामगाराचे पगारपत्रक ही दोन्ही एकदमच रिकामी होतात. मग हे दोघे एकमेकांचे वैरी कसे? राखेचेही तेच. २०२२ च्या जुलैत नागपूरजवळ खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राख कोलार आणि कन्हान नद्यांत गेली. ते पाणी माशांनाही आले आणि माणसांनाही.

मग करावे काय? आमच्या मागण्या तीन आहेत आणि त्यांतली एकही आकाशातली नाही.

पहिली अशी की पावसाळा संपल्यावर धरणाच्या पाण्याचे वाटप ठरविणाऱ्या बैठकीत मच्छीमार संस्थांचा एक प्रतिनिधी बसावा. ज्याची पेरणी पाण्यात आहे त्याला पाण्याच्या वाटपात तोंड असले पाहिजे.

दुसरी मागणी सांडपाण्याची. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाप्रमाणे, सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र ५० किलोमीटरच्या आत असेल तर औष्णिक केंद्राने ते पाणी वापरावयाचे आहे. कोराडीने नागपूरच्या सांडपाण्यावर हे करून दाखविले. अकोला शहर पारसपासून या अंतराच्या आतच आहे. मनोऱ्यात सांडपाणी शुद्ध करून जाईल तितके नदीचे गोडे पाणी मागे उरेल.

तिसरी मागणी डोहाची. नदी उन्हाळ्यात आटली तरी डोहात मासा जगत असे, आणि पहिल्या पुरात तोच नदी पुन्हा भरून टाकी. भोयांना आपले डोह नावानिशी ठाऊक असत. धरणाच्या तळाशी राहणाऱ्या पाण्यास अभियंते मृतसाठा म्हणतात. माशांचा तोच जिवंत साठा. पण तो गाळाने भरत चालला आहे, आणि टंचाईच्या साली त्यातही पंप बसतात. आपल्या जिल्ह्यातील तलावांचा गाळ आणि मुरूम काढून महामार्गास वापरण्याचे काम 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर नावाजले गेले. ज्या यंत्रांनी तळी खोदून रस्ते भरले, त्याच यंत्रांनी प्रत्येक धरणाच्या सर्वांत खोल जागी एक डोह खोदावा, आणि पिण्याच्या पाण्यावाचून दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी त्यात पंप उतरवू नये.

त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला त्या पहाटे आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज तो येथे असता तर आम्ही म्हटले असते, "दादा, पाणी तुला कोणी देणार नाही. तुझ्या जाळ्याबरोबर आमचे पगारपत्रक घेऊन आपण दोघे मिळून मागू." आपण सर्वांनी त्या मागणीस आवाज द्यावा, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.